खेकड्याचं नाव

सायखेड्याच्या गेणूला बांधालगत विहीर खणताना खेकडा सापडला. अख्खा दगडाचा! नाशिकचे प्रोफेसर बर्वे भिंग लावून दोन दिवस त्याच्या नांग्या मोजत बसले.

"ही जात आजवर कुणी पाहिलेली नाही, गेणूबा. सापडला तुम्हाला, तर तुमचंच नाव देऊ. विलायतेत छापून येईल, आणि एकदा दिलेलं नाव पुन्हा कुणाला बदलता येत नाही."

गेणूला शेजारच्या रानातला चुलतभाऊ आठवला. दरसाल नांगरताना बांध कोरून वीतभर आत सरकणारा नाथा.

"माझं नगं, सायेब. आमच्या नाथाचं घाला. त्यो बी बांधच पोखरतोय."

प्रोफेसरांनी लिहून घेतलं. गेणू महिनाभर एकटाच हसत होता, आणि साळूबाईला वाटलं, नवऱ्याला काहीतरी बाधलं.

पुढच्या साली, १९३७ला, विलायतेहून छापील पुस्तक आलं. नाथानं ते शाळामास्तरांकडून वाचून घेतलं, बगलेत मारलं आणि तडक निफाडला मामलेदारांसमोर उभा राहिला.



"रावसाहेब, खेकडा माझ्या नावावर हाय, हे बघा छापलंय. मंग त्याची विहीर गेणूची कशी?"