कणगीचं पोट

यमाजीने कणगीत हात घातला. कोपरापर्यंत गेला, तरी भात बोटाला लागेना.

"जीपमध्ये अजून गोणी असंल, बघ रे."

"नाय काका. सगळ्या झटकल्या," भगीरथ बोलला. त्याच्या गळ्यात ढोल होता, सकाळपासून नुसता लटकलेला.

कॉलेजच्या फाउंडेशनची ही कणगी यमाजीच्याच डोक्यातून निघालेली. मीटिंगमध्ये बाकीचे टक्क्यांत बोलायचे. यमाजी चौथीत शाळा सोडलेला. तो बोलला होता, "टक्का डोळ्याला दिसत नाय. कणगी दिसते." तेव्हापासून झोडणी झाली की जीप मुरबाडच्या पाड्यापाड्यांवर फिरायची, घरटी सूपभर भात घ्यायची, नि ते सगळं कॉलेजच्या पडवीतल्या या कणगीत पडायचं. काठोकाठ भरली की भात विकायचं, सहा पोरींची वर्षाची फी नि पुस्तकं सुटायची. भरल्या भरल्या ढोल वाजायचा, नि त्या सालची पोरींची यादी बंद.

दर साली भरायची. यंदा तर यमाजी गावभर सांगत सुटला होता, "भरीन, नि वर शीग पण लावीन!"

नितीन सर जवळ आले. फाउंडेशनचे सेक्रेटरी, भला माणूस, पण तोंडावर बोलणारा. "यमाजीकाका, टार्गेट चुकलं. सहा जमणार नाहीत. एक नाव कमी करावं लागेल."

सहाही पोरी समोर ओळीने बसलेल्या. शेवटची काजल. आजीची चांगली साडी नेसून आली होती, पदर सारखा सावरत होती. यादीतलं शेवटचं नाव तिचंच. एरवी अख्ख्या बाजाराला दमात घेणारा यमाजी, पण त्या पोरीकडे त्याला बघवेना.

"पण गोण्या तर गेल्या सालापेक्षा जास्त उतरल्या!" तो कणगीवरच खेकसला. "मग भात गेलं कुठं? एवढं खाणारा उंदीर असंल तर त्यालाच कॉलेजात घाला!"

"उंदराला नको, काका. मला घाला." रविना पुढे आली. चांगोची पोर. जुनी कणगी वाळवीने खाल्ली, म्हणून ही नवी त्या बाप-लेकीने विणून दिली होती. "भात कुठं गेलं नाय. उंची जुनीच ठेवलीय, पोट मोठं केलंय."

"कोणाला विचारून?"

"ती काळी पट्टी बघा आधी."

कणगीच्या अंगावर, काठापासून बऱ्याच खाली, काळ्या कामट्यांची पट्टी फिरवलेली होती. सगळे तिला नक्षी समजलेले. नितीन सरांनी तर स्टेटसला फोटो पण टाकला होता.

"जुनी कणगी काठोकाठ भरली, की तेवढं भात हिच्यात त्या पट्टीपर्यंत येतं," रविना बोलली. "सहा पोरी तिथंच झाल्या. आता वाजवून बघा."

यमाजीने काठाजवळ थाप मारली. पोकळ वाजली. थापा मारत मारत खाली आला. पोकळ, पोकळ, नि मग भद्द. एकदम भरीव. त्याचा हात तिथंच थांबला. काळी पट्टी अजून चांगली वीतभर खाली होती.

"आयला!" यमाजी बोलला. "सहा कधीच सुटल्या की गो!"

काजलने पदर तोंडावर घेतला. नितीन सर पण थाप मारून बघायला लागले, एकदा वर, एकदा खाली, लहान पोरासारखे. भगीरथने टिपरू उचललं. "वाजवू मग?"

"थांब रे बाबा." यमाजीने त्याचा हात धरला. "वरची जागा कोणाची गो?"

"सातव्या पोरीची."

रविना रिकाम्या गोण्या गोळा करून जीपमध्ये टाकत होती. "चला काका, वरचे दोन पाडे राहिलेत. उजेड हाय तवर जाऊन येऊ."

"येतो की! शीग लावल्याबिगर मी घरी जात नाय." यमाजीने जीपची चावी काढली, नि मध्येच थांबला. "पण मला आधी सांगायचं ना, पोरी."

"सांगितलं असतं, तर पट्टीवरच ढोल वाजला असता, नि यादी बंद. गेल्या साली वाजला तसाच." रविनाने शेवटची गोणी आत फेकली. "तेव्हा पण सातवी मीच होते."