खिळ्यावरचा बॅज

घुग्घुसात पाइपांच्या वेल्डिंगचे एक्स-रे काढणाऱ्या अल्ताफची तीन बोटं काळी पडली. चौकशीला घरी आलेल्या सरकारी साहेबांनी आधी बोटं पाहिली, मग किरणं मोजणाऱ्या बॅजचा रिपोर्ट.

"बॅजवर काहीच नाही. मर्यादा ओलांडल्याशिवाय कायद्यानं अपघात धरता येत नाही."

"बॅज ऑफिसात खिळ्याले टांगला होता, साहेब. सुपरवायझर सगळ्यायचेच टांगाले लावते."

"कशाला?"

"मागच्या साली छातीवर लावून होतो, तं आकडा लई आला. काम बंद पडलं. तवा तुमीच आल्ते. म्हनले, बॅज मशीनपाशी इसरला असशीन, किरनं बॅजले लागले, तुले नाई."

नवऱ्याच्या हाताखाली उशी सरकवत जमीला म्हणाली, "म्हंजे तवा बॅजले लागलं, मानसाले नाई. आता मानसाले लागलं, बॅजले नाई. दोघायले संगच लागावं लागते काय, साहेब?"

साहेबांना तिची दया आली. समजावणीच्या सुरात ते म्हणाले, "हो बाई. आता बरोबर समजलं तुम्हाला."