लवकर यावेत म्हणून

“हाथ में कुछ है क्या उसके?” पोलिसांच्या फोनवरच्या बाईने विचारलं.

बंद खोलीतून वरदचं डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता. नुसतं ‘मुलगा दार उघडत नाही’ म्हटलं तर कोण धावत येणार? अरुणा म्हणाली, “हाँ. चाकू है.”

पोलीस लगेच आले. गोमती नगरातल्या त्या इमारतीच्या जिन्यात भर दुपारी शेजारी जमले. दरोगा, म्हणजे इकडे उत्तरेतला फौजदार, आणि दोन शिपायांबरोबर साध्या कपड्यांतली एक तरुण मुलगी होती, सुरुची. बिथरलेल्या माणसाशी बोलायला पोलिसांबरोबर येणारी सोशल वर्कर. चपला काढून ती वरदच्या दाराकडे निघाली, तसं दरोगाने तिला अडवलं.

“चाकू है तो पहले हम जाएँगे. आप नीचे रुकिए, मैडम.”

सुरुची अरुणाकडे वळली. “आंटी, चाकू आपने खुद देखा?”

नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण दरोगा बघत होता, शेजारी कान देऊन होते. नवरा, मधुकर, तिच्याच तोंडाकडे बघत उभा होता.

“हाँ,” अरुणा म्हणाली. “देखा.”

सुरुची खाली गेली.

दुसऱ्या धक्क्याला कडी तुटली. आत काहीतरी कोसळलं. घरातही हिंदीतच उत्तरं देणारा वरद जिवाच्या आकांताने ओरडला, “आई गं!”

त्याला बाहेर आणलं तेव्हा कपाळातून रक्त येत होतं आणि उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. दरोगा पलंगाखाली, गादीखाली शोधत राहिला.

सुरुची धावत वर आली. शिपायांना मागे सरायला सांगून ती वरदशेजारी फरशीवर बसली. हळूहळू त्याचा श्वास संथ झाला. मग ती उठून अरुणापाशी आली.

“अंदर कुछ नहीं था, आंटी.”

“मुझे लगा… चाकू बोलूँगी तो जल्दी आएँगे.”

“जल्दी तो आए.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “चाकू की बात न होती, तो अंदर पहले मैं जाती.”

दवाखान्यात न्यायला गाडी आली. घरच्या एकालाच बसता येणार होतं. “किसको साथ ले चलें?” सुरुचीने वरदला विचारलं. मधुकर पुढे झाला.

वरदने डावा हात अरुणाकडे केला.

“आई, तू चल. तू असलीस की हे पोलीस मारणार नाहीत.”

तिने आपला हात त्याच्या हातात दिला. त्याने तो गच्च धरला. तिला मात्र बोटं मिटता येईनात.