डी गेली, ई गेली

सत्य फार काळ लपून राहत नाही, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. पण त्या माणसांनी सर्व्हर पाहिला नव्हता. मालवणच्या दर्याराजा मच्छीमार संघाच्या सर्व्हरमधून डी आणि ई अशा दोन डिस्क सकाळपासून नाहीशा झाल्या होत्या, आणि बारा वाजून गेले तरी सत्याचा पत्ता नव्हता.

तीन वाजता ओरोसहून, जिल्ह्याच्या कचेरीतून, साहेब येणार होते. तालुक्यातल्या अठराशे होड्यांचे कागद संघाने संगणकात चढवले, ते डोळ्यांनी बघायला. चढवण्याचं काम हेडक्लार्क हरिश्चंद्र मसुरकरांकडे होतं, आणि हरिश्चंद्र याच महिन्यात, म्हणजे डिसेंबर २००९ च्या अखेरीस, निवृत्त व्हायचे होते. काम पसंत पडलं तर साहेबांच्या हस्ते शाल. नाही पडलं तर चौकशी. निवृत्ती आणि चौकशी एकाच महिन्यात आल्या की गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

हरिश्चंद्रांना घाम फुटला होता, तोही एसीत. संघात एसी एकाच खोलीत होता, सर्व्हरच्या. गेली दोन वर्षं हरिश्चंद्र रोज जेवून त्या खोलीत शिरत, आतून कडी लावत आणि पाचला बाहेर येत. तोवर बाहेरची माणसं दबक्या आवाजात बोलत. कामात व्यत्यय नको.

कणकवलीहून इंजिनीअर आली ती उर्वशी, तेवीस-चोवीस वर्षांची. चेअरमन बाबली तांडेल तिच्याकडे बघून खट्टू झाले.

"गो चेडवा, सर्व्हर तर हय समोर आसा. मगे गेलां तरी काय?"

"ह्यो डबो खरो सर्व्हर, काकानू. तेच्या पोटात दुसरो एक सर्व्हर चलता. तो खरो नाय, पण काम खऱ्यासारखां करता. डिस्की तेच्यातल्यो गेल्यो."

बाबलींचा जन्म दर्यात मोरी, म्हणजे शार्क मासे, पकडण्यात गेला होता. "मोरयेच्या पोटात जिती पिल्लां आसतत, तसां?"

"तसांच."

"मगे पिल्लू मेलां?"

"पिल्लू जितां आसा. तेचे डोळे गेले."

"काल लाईट गेली होती, त्याने झालं असणार," हरिश्चंद्र म्हणाले. ऑफिसात ते शुद्धच बोलत.

"लाईट जावन डिस्की जायत नाय, काकानू. बॅटरी आसा."

"मग खारा वारा. इथे सायकलसुद्धा दोन वर्षं टिकत नाही."

"खऱ्या डिस्कीक गंज चढता. ही खोटी. हिका गंज खंयसून चढतलो?"

हरिश्चंद्रांनी चहा मागवला. मग सोलकढी मागवली. मग म्हणाले, जेवूनच घे, सुरमई ताजी आहे.

"साहेब तीनाक येतले ना?"

"येऊ देत गं. गेलं ते गेलं. माणसाने किती धरून ठेवायचं?"

बाबलींना गहिवरून आलं. "दोन वर्सांचां काम पाण्यात गेलां, तरी माणूस बघा कसो शांत! मसुरकरानू, तुमी भियाव नकात. साहेबांका मी सांगतंय, दोष मशीनीचो. शाल तुमकाच."

हरिश्चंद्रांचे डोळे भरून आले.

उर्वशीने आतलं मशीन बंद करून चालू केलं, डिस्क शोधायला लावल्या, ड्रायव्हर तपासले. सी दिसत होती. पुढे काही नाही.

पावणेदोनला बाबलींनी नारळ आणला आणि सर्व्हरसमोर गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ज्या कोणी ह्यो डिस्की नजरेआड केल्यान, तो भूत आसो नायतर माणूस, तेका आज समोर उभो कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळा स्टाफ गरजला.

"आणि डिस्कीत जां काय आसा, तां साहेबांच्या डोळ्यांपुढे हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हरिश्चंद्रांचा आवाज थोडा मागून आला.

"आता भायल्या मशीनीत बघतंय," उर्वशी म्हणाली.

"तिथे काही नाही."

"तुमका कसां ठावक?"

"म्हणजे, नसेलच ना."

तिने बघितलं. अडीच वाजता ती हसली. "हय आसत! आतल्या मशीनीची जोडणी कोणीतरी काढल्यान. काल दुपारी चार पन्नासाक. पण जोडणी काढली म्हणून डिस्क पुसली जायत नाय. दोरी सोडली म्हणून होडी बुडता काय? दोन्ही डिस्कींच्यो फायली शाबूत. दोनशे-दोनशे जीबीच्यो."

हरिश्चंद्र खुर्चीत बसले. पुण्यातल्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात हे कोणी सांगितलं नव्हतं.

"दोनशे-दोनशे!" बाबली ओरडले. "भरल्या जाळ्याचां वजनच सांगता! शाल हाडा रे!"

बाहेर जीप थांबली. साहेब वेळेच्या आधी आले होते. उर्वशीने डिस्क जोडल्या. पडद्यावर डी उगवली, मागोमाग ई. टाळ्या पडल्या. बाबलींनी साहेबांना थेट खुर्चीवर बसवलं आणि शालीची घडी उलगडत म्हणाले, "साहेब, ही आमच्या मसुरकरांची दोन वर्षं. उघड गो चेडवा."

उर्वशीने डी उघडली. एकूण जागा दोनशे जीबी, रिकामी जागा दोनशे जीबी.

ई डिस्कवर एक फोल्डर होता. नाव 'न्यू फोल्डर', तारीख दोन वर्षांपूर्वीची. तोही रिकामा होता.