दुसऱ्या अंगाची ऊब

नवऱ्याने कामावरून शर्टाच्या बटणाएवढं एक यंत्र आणलं आणि चाचणीसाठी आमच्या आठ महिन्यांच्या लेकीच्या, चिमणीच्या झबल्यावर लावलं. त्यात सेल नव्हता. कुणी तिला जवळ घेतलं की त्या अंगाच्या उबेवर त्यातला हिरवा दिवा लागायचा.

“तिच्या एकटीच्या उबेवर नाही चालत,” तो म्हणाला. “दुसरं माणूस लागतं.”

माझ्या कुशीत तो दिवा नुसता मिणमिणायचा. नणंदेने घेतलं की लख्ख.

“बघ वहिनी, आत्याची ऊब!” ती हसायची. “तू आपली दूध पाजण्यापुरती.”

थट्टाच ती, पण माझ्या पोटात दुखायचं. चार दिवस राहून ती तिच्या घरी गेली, तेव्हा खरं सांगते, मला हायसं वाटलं. आता चिमणी माझी एकटीची.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपडे वाळत घालून मी खोलीत आले. घरात आम्ही दोघीच. चिमणी पाळण्यात पडून खुदुखुदु हसत होती, आणि झबल्यावरचा दिवा नणंदेच्या हातातही कधी लागला नव्हता इतका लख्ख लागला होता.

मी घाबरायला हवं होतं. मला आधी राग आला.

तिला झटकन उचलून मी छातीशी घट्ट धरलं. दिवा विझला.

“आई आहे गं राणी, आई.”

चिमणीने ओठ काढले. माझ्या हातांतून वळून, रडत रडत, ती रिकाम्या पाळण्याकडे झेपावली.

अनोळखी माणसाकडे ती कधीच जात नाही.