उद्या गप्प झालात तर

वर धरलेला उजवा हात धपकन गादीवर पडला. डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मेंदूची डावी बाजू औषधाने झोपली होती. एकपासून मोजणाऱ्या बहुतेक माणसांचे आकडे इथेच थांबतात.

"आठ," टेबलावर आडवा असलेला समालोचक म्हणाला. "नऊ. दहा. अकरा."

खोलीतल्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी कंगवा दाखवला, तो "कंगवा" म्हणाला. किल्ली दाखवली, "किल्ली" म्हणाला. मग गडी सुटलाच. "उजवी बगल पूर्ण कोसळली आहे, मंडळी, पण खेळ थांबलेला नाही. आता सिस्टर पुढे सरसावतात, हातात चमचा, समोर कोणीच नाही..." सिस्टर इतकी हसली की चमचा हातातून निसटला.

वीस वर्षं तो फुटबॉल सामन्यांचं धावतं वर्णन करत होता. लोक त्याला धबधबा म्हणत. गेल्या मोसमात अंतिम सामन्यात, ऐन पेनल्टीच्या वेळी, धबधबा अर्धं मिनिट आटला. फिट आली होती. मग फिट्स वाढतच गेल्या, औषधांनी हात टेकले आणि माईक दुसऱ्याकडे गेला. दुखणं सापडलं मेंदूच्या डाव्या बाजूला, बहुतेकांची भाषा जिथे नांदते त्याला अगदी खेटून. ते कापून काढायचं तर बोलणंही सोबत जाण्याची भीती. पण तो डावखुरा होता, आणि डावखुऱ्यांची भाषा कधीकधी उजवीकडे घर करते. म्हणून मांडीतून मानेपर्यंत नेलेल्या बारीक नळीतून औषध सोडून एकेक बाजू पाच मिनिटं झोपवून बघायची होती.

"जिंकलो का?" हात जाग्यावर येताच त्याने विचारलं.

"अर्धं," डॉक्टरबाई म्हणाल्या. मघाशी सगळे हसले, तेव्हा त्या मात्र हसल्या नव्हत्या. "काहींची भाषा दोन्हीकडे असते. मग मी डावीकडे कात्री लावणार नाही. उद्या उजवी बाजू झोपवू. उद्या पूर्ण गप्प झालात, तर तुमची भाषा सगळी तिकडेच. मग मी डावीकडे कापायला मोकळी."

संध्याकाळी हे ऐकून ताईचा चेहरा पडला. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता.

"तू आणि गप्प?" ती म्हणाली. "दाढ काढतानासुद्धा त्या डॉक्टरला किस्सा सांगत होतास. तू झोपेतही बोलतोस रे."

तो हसला. बोलणं जाईल म्हणून सहा महिने घाबरलेला माणूस आता ते जावं म्हणून देव पाण्यात घालून बसला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन्ही हात वर, पुन्हा एकपासून आकडे. सहा म्हटलं आणि डावा हात खाली आला. सात तयार होता. तो कुठे आहे हे त्याला माहीत होतं, फक्त तोंडापर्यंत येत नव्हता. कंगवा समोर आला. त्याने केस विंचरतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नाव मात्र कुठेच नव्हतं. खरं तर त्याने घाबरायला हवं होतं. त्याऐवजी बेंबीच्या देठापासून गुदगुल्या झाल्यासारखं हसू वर आलं. झोका अगदी उंच गेला की पोटात जे होतं, तसं. चेहऱ्याचा डावा अर्धा भाग लुळा होता, म्हणून तो एकट्या उजव्या बाजूने हसला. किल्ली दाखवली, तो हसला. चमचा दाखवला, तर डोळ्यांतून पाणीच आलं. "दोन मिनिटं," सिस्टर ओठ चावत म्हणाली. "तीन." शब्द एकही नाही. डॉक्टरबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे गदगदत होते.

चार मिनिटं उलटली आणि "चमचा" बाहेर पडला. मागोमाग कंगवा, किल्ली, आणि अडकून राहिलेला सात.

"काय वाटत होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

त्याने तोंड उघडलं, मिटलं. "सांगता येत नाही," तो म्हणाला.

"तेच तर हवं होतं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करू."

त्याला स्ट्रेचरवरून बाहेर आणलं, तेव्हा डॉक्टरबाई पुढे जाऊन ताईच्या बाकाशी वाकल्या होत्या. "चार मिनिटं," त्या सांगत होत्या. "तोंडातून एक अक्षर नाही."

ताई उठली, बसली, परत उठली.

"वाचा गेली हो माझ्या भावाची," ती शेजारच्या अनोळखी बाईंना म्हणाली, "पार गेली," आणि त्या बिचाऱ्या डोळ्यांत पाणी आणून तिला जवळ घेणार, तोच ताईने त्यांचे दोन्ही हात धरून त्यांना भर व्हरांड्यात गरगर फिरवलं.