दुखरा हात

सिद्धेशने कोपराच्या हाडाखाली अंगठा दाबला आणि कादंबरीने "स्स" केलं. दुखत मुळीच नव्हतं. पण "स्स" केलं की नवरा आणखी थोडा वेळ चोळतो, हे तिला कळून चुकलं होतं.

टेनिस एल्बो तिला झाला तो जन्मात रॅकेट न धरता. दिवसभर माउस आणि संध्याकाळी पोळ्या, एवढं त्याला पुरलं. सुरुवातीला चहाचा कपसुद्धा उचलवेना. फिजिओथेरपिस्ट अनयाने मनगट ताणायचे व्यायाम दिले, हलकं डंबेल दिलं, आणि सोबत आलेल्या सिद्धेशला मसाज शिकवला. "काका, रोज टेन मिनिट्स. विसरायचं नाही हं," इथेच, अमेरिकेत जन्मलेल्या त्या पोरीने त्याला दम भरला.

सिद्धेश विसरला नाही. त्यांची सिया कॉलेजसाठी टेक्सासला गेल्यापासून जर्सी सिटीतल्या त्या फ्लॅटमध्ये दोघं शेजाऱ्यांसारखे राहत होते. भांडण नव्हतं, भांडायला तरी बोलावं लागतं. तो मॅनहॅटनहून यायचा आणि ताट घेऊन स्क्रीनसमोर बसायचा. मसाजापुरता मात्र तो तिच्याजवळ असायचा. कादंबरी दिवसभर त्याचीच वाट बघायची आणि या वयात हे काय, म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटायची. शुक्रवारी अनया हात तपासणार होती. तिच्यापुढे हे नाटक टिकणार नव्हतं.

आज सोफ्यावर त्याच्या नेहमीच्या जागी धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. तो दुसऱ्या बाजूला बसला. तिनेही जवळचा हात पुढे केला. बराच वेळ चोळून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, हा डावा हात. दुखणं उजव्याचं.

म्हणजे त्याचं लक्षच नव्हतं. कोणता हात, हेसुद्धा त्याने पाहिलं नव्हतं. ती ज्याच्यावर दिवस काढत होती, ते त्याच्या लेखी डिशवॉशर लावण्यासारखं एक काम होतं. तिला एकदम रडू आलं.

"सिद्धेश, हा डावा आहे," ती म्हणाली आणि हात ओढून घेऊ लागली.

त्याने तो सोडला नाही.

"माहितीये. उजवा केव्हाचा बरा झालाय," मान वर न करता तो म्हणाला. "शुक्रवारी अनयाला सांग, आता डावा दुखतोय."